संप की बहिष्कार? आधी गोडाऊन मोजा, मग ठरवा

प्रश्न विचारणारे भाऊ पुण्यात किराणा पोचवणाऱ्या एका ॲपसाठी गाडी चालवतात. ऑर्डरमागचे पैसे कमी केले म्हणून त्यांच्या स्टोअरच्या पोरांनी दोन दिवस लॉगिन केलं नाही, तिसऱ्या दिवशी कंपनीने नवीन पोरं आणली आणि विषय संपला. आता त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीजण म्हणतायत की आपण कशाला उपाशी मरायचं, लोकांनाच सांगू ॲप काढून टाका, बहिष्कार टाका. तर संपापेक्षा ग्राहकांचा बहिष्कार खरंच जास्त चालतो का, असं त्यांनी विचारलंय.

मी तीसेक वर्षं युनियनचं काम केलं, आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यात, नंतर पिंपरी-चाकणकडे. संप पुष्कळ केले, काही जिंकलो, हरलो त्याहून जास्त. बहिष्कार मात्र आयुष्यात दोनदाच केला, एक चालला आणि एक असा फसला की अजून जुने मित्र भेटले की त्यावरून खेचतात. तेवढ्या अनुभवावर लिहितोय, आणि तुमचं शहर, तुमची कंपनी, तुमच्या स्टोअरला किती पोरं आहेत हे मला माहीत नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्याकडे लागू होतील, काही नाही होणार, ते तुम्हीच बघा.

पहिलं म्हणजे प्रश्नच जरा वेगळा आहे असं मला वाटतं. संप मोठा की बहिष्कार मोठा असं नसतं. समोरचा आपल्याशिवाय किती दिवस काढू शकतो आणि आपण त्याच्याशिवाय किती दिवस काढू शकतो, हा हिशोब आहे. संपात आपण त्याचं काम थांबवतो, बहिष्कारात त्याचं गिऱ्हाईक थांबवतो. तुमचा दोन दिवसांचा संप पडला कारण तुमच्याशिवाय कंपनी दोन दिवससुद्धा अडली नाही, तिसऱ्या दिवशी माणसं मिळाली. यात तुमची पोरं घाबरट होती असं काही नाही, हिशोब उलटा होता एवढंच.

एक जुनी गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकातली, रबाळ्याकडची प्लास्टिकच्या बादल्या-टब बनवणारी एक कंपनी होती, नाव नको. दिवाळीनंतर आम्ही संप केला, मशीन बंद, गेटवर मंडप, घोषणा, सगळं जोरात. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, मॅनेजमेंट बोलवायलाच तयार नाही, साहेब लोक गाडीतनं हसत आत जायचे. बाविसाव्या दिवशी आमच्यातला एक म्हातारा ऑपरेटर म्हणाला, अरे रात्री ट्रक बाहेर जातायत ते रिकामे नाहीयेत, मागचे टायर बघा. भरलेल्या ट्रकचा मागचा टायर खाली पसरतो, रिकाम्याचा गोल राहतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं पण बघितलं कुणीच नव्हतं. मग चहाच्या टपरीवर बसून सिगारेटच्या पाकिटामागे रेघा मारत तीन रात्री मोजले. मग कळलं की भिवंडीला भाड्याने गोडाऊन घेऊन ठेवलंय आणि त्यात अजून दोन महिन्यांचा माल आहे. आणि तो माल कुणी बनवला? आम्हीच. दिवाळीआधी दोन महिने डबल ओव्हरटाईम दिला होता, आम्ही खूष होतो, पोरांनी त्यात नवीन टीव्ही घेतले. आमच्या संपात विकायचा माल आम्हीच ओव्हरटाईम करून बनवून ठेवला होता!

तो संप आम्ही हरलो. तेव्हापासून कुठेही संपाची मीटिंग असली की माझा पहिला प्रश्न गोडाऊनचा असतो, घोषणा नंतर.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं तर १९८२ चा मुंबईतला कापड गिरण्यांचा संप. १८ जानेवारीला सुरू झाला, कामगार पुढारी दत्ता सामंत पुढे, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. एवढे लोक एकाच शहरात एकदम काम थांबवतात आणि तरी हरतात, हे कसं, असं नवीन पोरं विचारतात. कारणं बरीच आहेत. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, म्हणजे दुसऱ्याच युनियनला होती, त्यामुळे ज्याच्यामागे कामगार होते त्या सामंतांशी बोलायला मालक बांधील नव्हते, हे एक. पण मला सगळ्यात मोठं कारण दिसतं ते असं की दुकानात कापड कमीच पडलं नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग रात्रंदिवस चालू होते, आणि काही मालक तर तिथूनच कापड करून घ्यायचे. गिरणी बंद आहे हे लालबागच्या चाळीत कळत होतं कारण भोंगा वाजत नव्हता, पण साडी घ्यायला गेलेल्या बाईला ते दुकानात कुठेच दिसत नव्हतं. आणि पुढे काहींना गिरणीपेक्षा गिरणीची जमीन जास्त मोलाची झाली, मग तर संप चालू राहिला काय आणि मोडला काय. कामगार गावाकडे, कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरला जाऊन शेतावर दिवस काढत होते, म्हणजे आपल्या बाजूने तग धरायची ताकद त्यांनी प्रचंड दाखवली, कुणीच कल्पना केली नव्हती इतकी. तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही, नुसता विरत गेला.

मग त्यावेळी कापडावर बहिष्कार टाकला असता तर? मला नाही वाटत चाललं असतं. कारण बहिष्कार कशावर? गिरणीच्या शिक्क्याचं कापड आणि मागाचं कापड वेगळं करून गिऱ्हाईक ओळखणार कसं?

इथनं बहिष्काराकडे येतो. याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मला कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांचं वाटतं. आपल्याकडे नाशिक-सांगलीचा माणूस द्राक्षाचा धंदा चांगला समजतो म्हणून सांगायलाही सोपं जातं. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये डेलानो गावात आधी फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिओंगच्या पुढाकाराने काम थांबवलं, आठवड्याभरात सीझर चावेझची मेक्सिकन मजुरांची संघटना सामील झाली. शेतातला संप, म्हणजे मैलोनमैल पसरलेली बाग, गेट नाही, कुंपण नाही, मालक दुसऱ्या बाजूने ट्रकमधनं नवीन मजूर आणून उतरवतोय. तुमच्यासारखीच परिस्थिती, माणूस बदलायला सोपा. संपाने द्राक्षं तोडायची थांबली नाहीत.

मग त्यांनी काय केलं, मजुरांनाच शहराशहरात पाठवलं, बॉस्टन, न्यूयॉर्क, टोरांटो, की दुकानांसमोर उभं राहा. आणि इथे एक कायद्याची गंमत आहे. अमेरिकेत १९३५ च्या कामगार कायद्यातनं शेतमजुरांना वगळलं होतं, त्यामुळे त्यांना युनियनचं संरक्षण नव्हतं, पण १९४७ च्या दुरुस्तीने बाकी युनियनवर जी बंदी आली, म्हणजे ज्याच्याशी भांडण नाही अशा तिसऱ्या दुकानदारावर बहिष्कार टाकायची बंदी, ती पण यांना लागू होत नव्हती. ज्या कायद्याने त्यांना बाहेर ठेवलं त्याच्याच फटीतनं ते दुकानापर्यंत पोचले. तुमच्या बाबतीत हे लक्षात ठेवा, पुढे परत येतो यावर.

तरी लगेच जमलं नाही. १९६७ मध्ये त्यांनी सगळ्यात मोठ्या कंपनीवर, जुमारावर, नेम धरला, तर जुमाराने दुसऱ्या बागायतदारांची लेबलं उसनी घेऊन आपली द्राक्षं त्या पेट्यांत भरून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक गोंधळलं. त्यावर १९६८ मध्ये या लोकांनी लेबलाचा नादच सोडला आणि सांगितलं की कॅलिफोर्नियाची खायची द्राक्षं घेऊच नका, कुणाचीही. आता ओळखायला सोपं झालं. त्यात अमेरिकन सैन्याने व्हिएतनाममधल्या सैनिकांसाठी द्राक्षांची खरेदी वाढवली, म्हणजे एकीकडून गळत होतं आणि सरकार दुसरीकडून ओतत होतं. तरीही सुपरमार्केटवाले कंटाळले. दारात रोज कुणीतरी उभं आहे, गिऱ्हाईक विचारतंय, द्राक्षाच्या एका पेटीसाठी एवढी कटकट कशाला, सफरचंद ठेवू. १९७० च्या वसंतात कोचेलाच्या काही बागायतदारांनी करार केला आणि त्यांच्या पेट्या युनियनच्या काळ्या गरुडाचं चिन्ह लावून बाजारात आल्या, त्या व्यवस्थित विकल्या गेल्या, आणि २९ जुलै १९७० ला डेलानोच्या मोठ्या बागायतदारांनी सह्या केल्या. पाच वर्षं लागली हो, पाच दिवस नाही.

यात माझ्यासारख्या माणसाला काय दिसतं? बहिष्कार गिऱ्हाईक जिंकून देतं असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा तो दुकानदार जिंकून देतो. हजारो घरांतनं कोण द्राक्षं घेतंय आणि कोण नाही हे कुणालाच मोजता येत नाही. संपाला हजेरी असते, सकाळी गेटवर कळतं की आज कोण आत गेला. बहिष्काराला हजेरीपट नाही. लोक व्हॉट्सॲपवर शपथ घेतात आणि संध्याकाळी गपचूप ऑर्डर करतात. पण दुकानदाराने माल ठेवलाच नाही तर गिऱ्हाइकाच्या शपथेची गरजच उरत नाही. आत्ताचंच बघा, मे २०२५ मध्ये पुण्यात तुर्कीच्या सफरचंदांवर बहिष्कार पडला तेव्हा घरोघरच्या गिऱ्हाइकांआधी मार्केटयार्डातल्या व्यापाऱ्यांनी सांगून टाकलं की आम्ही मागवणार नाही. त्यांना इराण, हिमाचल, बाकी ठिकाणचा माल होता, म्हणून ते सहज म्हणू शकले. त्याच व्यापाऱ्यांना कांदा सोडा म्हटलं असतं तर सोडला असता का?

माझा जो एक बहिष्कार चालला तो पण असाच चालला. मुंबईच्या उपनगरात मसाला पॅकिंगचा एक कारखाना, ऐंशीच्या आसपास बायका, सगळ्या रोजंदारीवर. संप केला असता तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीतनं दुसऱ्या ऐंशी आल्या असत्या, तुमच्यासारखंच. मागण्या तीन होत्या, हातमोजे, आठवड्याची सुट्टी आणि रोजात थोडी वाढ. मला सुचलं नव्हतं हो, त्यांच्यातल्याच एका मावशींनी विचारलं की हा मसाला नक्की विकला जातो कुठे? चौकशी केली तर बराचसा माल दोन-तीन वस्त्यांमधल्या किराणा दुकानांत जात होता. मग दोघी-दोघींच्या जोड्या करून त्या दुकानांत गेल्या. गिऱ्हाइकाला काही सांगायचं नाही, शेठला सांगायचं. मी पहिल्या दिवशी एका दुकानाबाहेर उभा होतो. मावशींनी भाषण वगैरे काही केलं नाही, दोन्ही हात काउंटरवर ठेवले, पालथे नाही, उताणे. मिरचीने बोटांची कातडी सोललेली, नखांच्या कडेला लाल. म्हणाल्या, शेठ, तुमच्याकडे जो पुडा आहे तो याच हातांनी भरलाय, आठ दिवस नवीन माल मागवू नका, एवढंच मागणं आहे. शेठने हाताकडे बघितलं, मग रॅककडे बघितलं, आणि म्हणाला बरं. त्याला त्यात काय गेलं? काहीच नाही, त्याच्याकडे आणखी चार कंपन्यांचा मसाला होता आणि त्यात एकाचं कमिशन जास्तच असेल. नवव्या दिवशी डिस्ट्रीब्यूटरने मालकाला फोन केला, दहाव्या दिवशी मालकाने आम्हाला. हातमोजे आणि सुट्टी मिळाली, रोजाची वाढ अर्धीच.

त्यानंतर त्याच बायका परत त्याच दुकानांत गेल्या आणि सांगितलं, शेठ, आता ठेवा माल. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि सगळे हेच विसरतात. मागणी मान्य झाली की बहिष्कार थांबवता आला पाहिजे, आणि तो कोण थांबवणार हे मालकाला आधी माहीत पाहिजे. नाहीतर तो म्हणेल की मी मान्य केलं तरी लोक शिव्या घालणारच, मग मान्य कशाला करू. आजकालचे सोशल मीडियावरचे बहिष्कार बघतो ना मी, हॅशटॅग चालवला की झालं, मागणी काय, कुणाकडे, किती, कधी थांबणार, काही नाही. नुसता राग असतो, आणि राग चार दिवसात शिळा होतो, कंपनीलाही ते माहीत असतं.

आता फसलेल्याचं पण सांगतो, हसा. एका बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीत संप रेंगाळला होता तेव्हा आमच्यातल्या एका उत्साही पुढाऱ्याने पोस्टर छापले की या कंपनीच्या बेअरिंगवर बहिष्कार टाका. आणि लावले कुठे, तर बसस्टॉपवर. बसस्टॉपवरचा माणूस बेअरिंग घेतो का? ते जायचे गाड्या बनवणाऱ्या दोन-तीन कंपन्यांना, वर्षाच्या कराराने. तिथे संपच कामाचा होता, तोही नीट वेळ बघून, कारण गाडीवाल्यांकडे बेअरिंगचा साठा फार नसायचा आणि त्यांची लाईन अडली असती तर त्यांनीच आमच्या मालकाचा कान धरला असता. आम्ही आमचा महिना पोस्टरवर घालवला.

बहिष्कार दिसला पाहिजे, हा माझा दुसरा मुद्दा. अमेरिकेत माँटगोमेरीला १९५५ च्या डिसेंबरपासून ३८१ दिवस कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध सिटी बस वापरली नाही, आणि बसने जाणाऱ्यांत बहुसंख्य तेच होते. रिकामी बस सगळ्या शहराला दिसते, तिला हजेरीपट लागत नाही, आणि त्यात बसलेला आपला माणूस पण सगळ्यांना दिसतो. शिवाय त्यांनी नुसतं बस सोडा म्हटलं नाही, शेकडो गाड्यांची आपली वाहतूक उभी केली, कारण लोकांना कामावर तर जायचंच होतं. बस कंपनीचं नुकसान झालं तरी शेवटी प्रश्न सुटला तो सुप्रीम कोर्टाच्या निकालाने, हे पण सांगितलं पाहिजे. पण त्या ३८१ दिवसांशिवाय ते लोक कोर्टाचा निकाल लागेपर्यंत एकत्र टिकले असते असं मला नाही वाटत.

आपल्याकडे तर याहून जुनं आहे. पुणे जिल्ह्यात शिरूरकडे करडे गाव आहे, तिथे १८७४ च्या डिसेंबरमध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या कर्जापायी घर रिकामं करायचा हुकूम आणला. गावाने सावकारांशी व्यवहारच तोडला, कुणी त्यांच्या दुकानात जाईना, शेत कसेना, न्हावी हजामत करेना, परीट कपडे धुवेना. आयर्लंडमध्ये कॅप्टन बॉयकॉटच्या नावावरनं इंग्रजीत शब्द आला तो १८८० मध्ये, त्याच्या पाच-सहा वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे मे १८७५ मध्ये सुप्याला दंगा झाला, सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली गेली, आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. गावात हे जमलं कारण सगळ्यांना सगळं दिसतं. आता याची दुसरी बाजू आपल्याला चांगलीच माहीत आहे, हेच हत्यार जातपंचायतींनी गरिबाला वाळीत टाकायला वापरलं, इतकं की २०१६ मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तर माल नाकारायचा, माणूस नाही, ही रेघ पाळा. तुमच्या स्टोअर मॅनेजरला सोसायटीत पाणी नको असलं काही कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा.

मग संप कुठे भारी पडतो? जिथे साठा करता येत नाही आणि माणूस पटकन बदलता येत नाही तिथे. २०१७ च्या जूनमध्ये पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा काही दिवसांत शहरांत दूध-भाजीची बोंब झाली आणि त्याच महिन्यात सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. ती प्रत्यक्षात कुणाला किती मिळाली हा वेगळा विषय, त्यावर शेतकऱ्यांना विचारा, पण सरकार हललं कारण दूध गोडाऊनमध्ये ठेवता येत नाही. नुकसान शेतकऱ्याचंही होत होतंच, दूध रस्त्यावर ओततानाचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. आणि टिकायची ताकद कशी आणायची याचं उदाहरण हवं तर अलिबागजवळच्या चरीचा संप वाचा, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९, सहा वर्षं कुळांनी खोतांची जमीन कसली नाही. मजुरीवर, मिळेल ते विकून दिवस काढले, पण नांगर लावला नाही.

उलट एसटीचा संप बघा, नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२. कर्मचाऱ्यांची दुखणी खरी होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बस बंद झाली तेव्हा अडलं कोण? कॉलेजची पोरं, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं. ज्याच्याकडे मागणी होती त्याची गाडी चालूच होती. वडापवाल्यांचा धंदा झाला. एसटी सरकारात विलीन करा ही मुख्य मागणी होती, ती काही मिळाली नाही. संपात जेव्हा तिसराच माणूस भरडला जातो तेव्हा तो सुरुवातीला सहानुभूती दाखवतो, मग हळूहळू आपल्यावरच चिडतो.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्या ग्रुपवर जे म्हणतायत की बहिष्कारात आपण उपाशी मरणार नाही, ते चूक आहे. ऑर्डर कमी झाल्या तर तुम्हाला ऑर्डरमागे पैसे मिळतात, पगार नाही, म्हणजे पहिला फटका तुम्हालाच. कंपनीला एका शहराचा तोटा चार शहरांत भरून काढता येतो. म्हणून बहिष्कार बाहेरच्या कुणी शहाण्याने पुकारू नये, तुमच्या सगळ्यांना विचारून तुम्हीच पुकारला पाहिजे. आणि त्याची मुदत पाहिजे. "कायमचं ॲप काढा" म्हणून लोक ऐकणार नाहीत, पावसात दूध संपलं की परत टाकतील. "येत्या शनिवार-रविवारी मागवू नका" हे ऐकतील, कारण त्यात त्यांचं काही जात नाही, खाली वाण्याचं दुकान आहे, आणि नसेल तर दुसरं ॲप आहे. ग्राहकाला बहिष्कार स्वस्त पडला पाहिजे, हे तुमच्या बाजूने आहे, या धंद्यात तो स्वस्तच आहे.

पण खरा घाव मला दुसरीकडे दिसतो. तुमचा माल येतो कुठून? डार्क स्टोअरमधून, म्हणजे गिऱ्हाइकाला बंद आणि फक्त ॲपच्या ऑर्डरी भरणाऱ्या छोट्या गोडाऊनमधून. एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीकडे ब्लिंकिटच्या रायडर्सनी ऑर्डरमागचे पैसे कमी केल्यावर काम थांबवलं तेव्हा स्टोअरच बंद पडली होती आणि लोकांना ॲपवर सेवा बंद दिसत होती. दहा-वीस मिनिटांत पोचवणाऱ्याकडे मालाचा साठा असतो पण वेळेचा साठा नसतो. बादलीवाल्यासारखं दोन महिने आधी डिलिव्हरी करून गोडाऊनमध्ये ठेवता येत नाही. हा तुमचा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि तुम्ही तो दोन दिवस कुठल्यातरी मधल्या वारी वापरून संपवला. संध्याकाळी सात ते दहा, शनिवार, पाऊस, मॅचचा दिवस, असा एक वेळ पकडा, सगळे एकदम लॉगआऊट, तीन तास, आणि परत कामावर. तीन तासांसाठी नवीन पोरं आणता येत नाहीत, त्यांना आयडी काढून ॲप शिकवेपर्यंत तुम्ही परत आलेले असता. आणि त्याच तीन तासांत आजूबाजूच्या सोसायट्यांना आधी सांगून ठेवलेलं असेल की आज मागवू नका, तर संप आणि बहिष्कार एकाच वेळी एकाच स्टोअरवर पडतो. मोठ्या शहरव्यापी आवाहनापेक्षा एका स्टोअरच्या भोवतीच्या वीस सोसायट्या मला जास्त भरवशाच्या वाटतात. तुम्ही त्यांच्या दारात रोज जाता, वॉचमन तुम्हाला नावाने ओळखतो, हे कुठल्याही हॅशटॅगपेक्षा जास्त आहे.

कायद्याचं म्हणाल तर कारखान्यातल्या कामगाराला आता नव्या औद्योगिक संबंध संहितेखाली संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे मालकाला गोडाऊन भरायला १४ दिवस. तुम्हाला कंपनी कामगारच मानत नाही, पार्टनर म्हणते. हे वाईटच आहे, त्यावर भांडलंच पाहिजे, पण तोपर्यंत डेलानोवाल्यांसारखं त्या फटीकडेही बघा, पार्टनरने आज लॉगिन केलं नाही तर ती कसली नोटीस? पण आयडी ब्लॉक करतील ही भीती खरी आहे, त्यामुळे पाच जणांनी शूर व्हायचं नाही, ऐंशी टक्के पोरं नसतील तर करूच नका. एखाद्या वकिलाशी आधी बोला, माझ्या सांगण्यावर उडी मारू नका. आणि पत्रकात फक्त पेमेंटच्या स्क्रीनशॉटवर दिसतं तेवढंच लिहा, आधी एवढे मिळायचे, आता एवढे मिळतात. मालाला वास येतो, स्टोअरमध्ये उंदीर आहेत असलं काही ऐकीव टाकलंत तर बदनामीची नोटीस येईल आणि मूळ विषय बाजूला पडेल.

कंपनी बहिष्काराला विक्रीपेक्षा नावासाठी जास्त घाबरते, आणि ज्यांचं नाव आधीच जरा डळमळीत आहे त्या जास्त घाबरतात, असं माझं निरीक्षण आहे. त्यामुळे एका स्थानिक पेपरच्या वार्ताहराला त्या शनिवारी स्टोअरसमोर उभं करा. बंद शटर आणि समोर ओळीने लावलेल्या पन्नास गाड्या, एवढा एक फोटो पुरे.

तर आधी एक काम करा. आठवडाभर तुमच्या स्टोअरला कुठल्या वाराला कुठल्या तासात किती ऑर्डर निघतात ते लिहून काढा, पाकिटामागे रेघा मारा हवं तर, आणि एकूण किती पोरं आहेत, त्यातली किती तुमच्या ग्रुपवर आहेत ते मोजा. ते आकडे घेऊन परत विचारा, मग कुठला शनिवार ते बघू.